खलनायकासाठी आपला जीव टांगणीला का लागतो?

समजा, एक वेब सिरीज आहे. गाव सांगली. गणपती पेठेतल्या एका पतसंस्थेचा मॅनेजर मोहनराव दोन वर्षं बोगस कर्जं काढतोय. मयत सभासदाच्या नावावर कर्जप्रकरण तयार करायचं, जामीनदारांच्या सह्या स्वतःच ठोकायच्या आणि रक्कम भाच्याच्या खात्यावर वळवायची. पहिल्या भागाच्या शेवटी ऑडिटर येतो. टेबलावर कर्जाच्या फायलींची चळत. तो एकेक फाइल उघडतो, व्हाउचर ताडून बघतो, हिरव्या पेनाने टिक करतो. वरून चौथी फाइल ‘ती’ आहे, हे आपल्याला माहीत आहे आणि मोहनरावला. तिसरी फाइल मिटते. ऑडिटरचा हात चौथीकडे जातो, एवढ्यात शिपाई ट्रे घेऊन येतो. “साहेब, चहा.” हात मागे येतो.

आणि घरी सोफ्यावर बसलेले आपण म्हणतो, हुश्श!

हे हुश्श कुठून आलं? आपल्या ओळखीतल्या चार जणांच्या ठेवी कुठल्या ना कुठल्या पतसंस्थेत बुडालेल्या असतात, म्हणजे मोहनराव कोणाच्या ताटातलं ओढतोय हे आपल्याला चांगलं कळतं. तरी त्या घटकेला आपण त्याचेच असतो. वाईट माणूस नायक असलेल्या सिरीज हल्ली इतक्या आहेत, की हा अनुभव नवा राहिलेला नाही. नवं नसलं तरी चमत्कारिक आहेच.

यावर कट्ट्यावर हमखास मिळणारं उत्तर म्हणजे “प्रत्येकात एक रावण दडलेला असतो.” ऐकायला भारदस्त आहे, पण त्यातून काहीच उलगडत नाही. पटत नसेल तर तीच सिरीज दुसऱ्या घरातून सुरू करून बघा.

विश्रामबागेत राहणाऱ्या जोशीबाई. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त. मिळालेली रक्कम त्याच पतसंस्थेत मुदत ठेवीत. यजमानांची बायपास ठरली म्हणून पावती घेऊन त्या शाखेत जातात. काउंटरवरची पोरगी मान वर न करता म्हणते, “सोमवारी या.” सोमवारी पुन्हा, “साहेब मीटिंगला गेलेत.” काचेपलीकडे साहेब फोन कानाला लावून हसताना दिसतात. मग ऑडिटर येतो. चौथ्या फाइलीकडे हात जातो आणि शिपाई ट्रे घेऊन येतो. आता मात्र त्या शिपायाला ट्रेसकट बाहेर हाकलावंसं वाटतं.

गुन्हा तोच, रक्कम तीच, चहासुद्धा तोच. आपल्यातला रावण या दोन घरांच्या मधे कुठे गेला? तेव्हा माणूस किती वाईट आहे यावर आपली सहानुभूती फारशी ठरत नाही. गोष्ट सांगणाऱ्याने आपल्याला कोणाच्या घरात नेऊन बसवलं, यावर ती ठरते. बाकीचं शास्त्र याच एका मुद्द्याभोवती फिरतं.

बेत कळला की आपण अडकलो

१९४४ साली फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक छोटीशी फिल्म बनवली. माणूस नाही, प्राणी नाही. एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण, एक छोटं वर्तुळ आणि दार उघडमिट होणारी एक चौकट. आकृत्या इकडून तिकडे सरकतात, बस्स. बघणाऱ्यांना विचारलं, काय दिसलं? जवळजवळ सगळ्यांनी गोष्टच सांगितली. मोठा त्रिकोण दांडगाई करतोय, लहान त्रिकोण आणि वर्तुळ त्याच्यापासून पळतायत, वगैरे. ज्यांना चेहरा नाही अशा रेघांनाही आपण ‘हेतू’ चिकटवतो. हलणारी वस्तू दिसली की याला काय हवंय, हा प्रश्न आपलं मन आपल्याला न विचारता सोडवायला घेतं.

एकदा कोणाला काय हवंय हे कळलं, की ते मिळतंय की नाही याची हुरहूर लागते. चोर कुलूप उघडत असेल आणि कॅमेरा त्याच्या बोटांवर असेल, तर ते कुलूप उघडावं असं आपल्याला वाटतं. यात नीती अजून आलेलीच नाही. क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नसलेला माणूससुद्धा सामना थोडा वेळ बघितला की कोणाची तरी बाजू धरतो, तसलंच हे.

सिनेमाचे अभ्यासक मरे स्मिथ यांनी १९९५ मध्ये यात एक उपयोगी फरक दाखवला. पात्राच्या सोबत असणं वेगळं आणि पात्राच्या बाजूने असणं वेगळं. सोबत म्हणजे आपण त्याच्याबरोबर हिंडतो, त्याला माहीत असलेलं आपल्यालाही माहीत असतं, त्याच्या मनात काय चाललंय ते कळतं. बाजूने म्हणजे तो बरोबर आहे, निदान समोरच्यापेक्षा बरा आहे, असं आपण मनात ठरवलेलं असतं. पहिल्यातून दुसरं आपोआप येत नाही. मोहनरावसोबत तासभर राहूनही त्याची शिसारी येऊ शकते. सोबतीचं रूपांतर पाठिंब्यात करायला लेखकाला खटपट करावी लागते, आणि खरी कारागिरी तिथेच असते.

पुराचं पाणी आणि चेअरमनची गाडी

ही खटपट कशी चालते, ते मोहनरावच्याच सिरीजमध्ये बघू.

दुसऱ्या भागात लेखक आपल्याला २०१९ च्या ऑगस्टमध्ये नेतो. कृष्णेचं पाणी चढतंय. मोहनरावच्या भावाचं कापडाचं दुकान. माल माळ्यावर चढवताना दोघे भाऊ रात्रभर जागतात, पण पाणी माळ्याच्याही वर जातं. ओसरल्यावर चिखलाने जड झालेल्या साड्या ते फावड्याने ओढून बाहेर काढतात. पंचनामा होतो, हातात पडते ती रक्कम गल्ला पुसायलाही पुरत नाही. भाऊ खासगी सावकाराकडे जातो. सावकाराची माणसं दारात बसायला लागतात. त्या आठवड्यात मोहनराव पहिली बोगस सही करतो.

आता त्याच्या चोरीला कारण मिळालं. आणि कारणाचं वजन आपण दोन वेगळ्या काट्यांवर करतो, हे एडवर्ड जोन्स आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलं होतं. आपण स्वतः चुकलो तर परिस्थितीकडे बोट दाखवतो, दुसरा चुकला तर त्याच्या स्वभावाकडे. मी सिग्नल तोडला, कारण दवाखान्यात पोहोचायचं होतं. त्याने तोडला, कारण तो माजलाय. खलनायकाच्या घरात नेऊन बसवलेल्या प्रेक्षकाच्या हातात लेखक अलगद पहिला काटा देतो. जी सवलत आपण फक्त स्वतःला देतो, ती मोहनरावला मिळायला लागते.

तिसऱ्या भागात चेअरमन येतात. पांढरी मोठी गाडी, मागे चार पोरं, बोटात अंगठ्या. त्यांनी संस्थेतून कोट्यवधी काढून जमीन घेतलीय आणि मोहनरावचं बिंग कळल्यावर ते त्याला तोंडदेखला धीर देत स्वतःचीही पापं त्याच्या गळ्यात घालायच्या तयारीत आहेत. झालं, आता मोहनराव किरकोळ ठरला. माझ्या मते ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात हमखास युक्ती आहे. नायक वाईट असेल तर शेजारी त्याहून नालायक माणूस उभा करायचा. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने माणूस स्वतःच्या सदसद्विवेकाला झोपवायला काय काय करतो याची जी मांडणी केली, तीत ही तुलना आहेच. सोबत गुळगुळीत शब्द वापरणं आहे (“चोरी नाही हो, ॲडजस्टमेंट”), जबाबदारी वर ढकलणं आहे (“साहेबांनी सांगितलं, मी केलं”), आणि ज्याचं नुकसान झालं तो माणूसच नाही असं धरून चालणंही आहे. खरे आरोपी जे स्वतःसाठी करतात, तेच आपण सोफ्यावर बसून पात्रासाठी करतो, तेही फुकट.

फुकट का करतो? डॉल्फ झिलमन यांच्या जुन्या सिद्धांताप्रमाणे प्रेक्षक हा न्यायाधीश असतो. पात्राचं वागणं तपासतो, पसंत पडलं तर त्याच्यावर माया करतो, नाही तर त्याचं वाटोळं व्हावं असं म्हणतो. आर्थर रेनी यांनी २००४ मध्ये म्हटलं की पुष्कळदा हा क्रम उलटा असतो. माया आधी बसते. आपण ‘हा आपला माणूस’ असं पहिल्या काही मिनिटांतच ठरवतो, कारण हजार गोष्टी ऐकून नायक कसा ओळखायचा हे आपल्याला पाठ असतं. न्याय नंतर येतो, आणि तो वकिलासारखा येतो. आशील आधी ठरलेला, युक्तिवाद मग शोधायचा. कुटुंबात तर हे रोज बघायला मिळतं. थोरल्या मुलाने काहीही केलं तरी आजीकडे कारण तयार असतं.

याच्यापुढचा प्रयोग मला जास्त अस्वस्थ करतो. १९९५ मध्ये डॅनियल बॅटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना शेरी नावाच्या दहा वर्षांच्या, जीवघेणा आजार असलेल्या मुलीची मुलाखत ऐकवली. ती मदतीच्या यादीत मागे होती. काहींना सांगितलं, तटस्थपणे ऐका. काहींना सांगितलं, तिला काय वाटत असेल याची कल्पना करा. मग विचारलं, तिला यादीत वर सरकवायचं का? सरकवलं तर आधीपासून थांबलेली, जास्त गरज असलेली मुलं मागे पडणार होती. तटस्थ राहिलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश जणांनी तिला पुढे घेतलं. तिच्या मनात शिरलेल्यांपैकी जवळपास तीन चतुर्थांश जणांनी. शेरी काही खलनायिका नव्हे. पण यादीतली बाकीची मुलं कोणी पाहिली नव्हती, त्यांचा आवाज कोणी ऐकला नव्हता. मोहनरावच्या सिरीजमध्ये जोशीबाईंची जागा नेमकी तीच असते.

हे सांगलीत आधीही घडून गेलंय

सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात ते ५ नोव्हेंबर १८४३ मुळे. चिंतामणराव पटवर्धनांच्या दरबारात विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभं केलं. त्या परंपरेतल्या पौराणिक नाटकांत पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं मग आपापलं भाषण आयत्या वेळी करायची. राक्षसपार्टी अंगावर येईल अशी आरडाओरडा करत रंगभूमीवर शिरायची, तलवारी नाचवायची. त्यांच्या त्या आरोळीवरून अशा नाटकांना पुढे थट्टेने ‘अललडुर्र’ नाटकं म्हणायला लागले. तिथे राक्षसाच्या मनात काय चाललंय हे बघायला फारशी जागाच नव्हती. गोष्टीची किल्ली सूत्रधाराकडे, आणि तो देवाच्या बाजूचा. लहान मुलं घाबरायची, मोठे हसायचे, राक्षस मेला की विषय संपला.

सांगलीतच जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०७ मध्ये ‘कीचकवध’ आणलं. महाभारतात द्रौपदीचा छळ करणाऱ्या कीचकात लोकांनी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनला ओळखलं. सरकारनेही ओळखलं, आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. खलनायकाविषयी तिरस्कार शाबूत ठेवणं हे इथे नाटकाचं राजकीय काम होतं. प्रेक्षकांनी कीचकाला घटकाभर जरी मनात थारा दिला असता, तरी बार फुसका गेला असता. म्हणून आपल्याला सैरंध्रीच्या, म्हणजे अज्ञातवासातल्या द्रौपदीच्या, अपमानासोबत राहावं लागतं.

आता कर्ण घ्या. सभापर्वात भर सभेत द्रौपदीला ‘बंधकी’ (कुलटा) म्हणणारा, तिची वस्त्रं ओढून घे असं दुःशासनाला सांगणारा कर्णच आहे. पण मराठी घरात कर्ण म्हटलं की आठवतात कवचकुंडलं आणि चिखलात रुतलेलं चाक. यात शिवाजी सावंतांच्या १९६७ च्या ‘मृत्युंजय’चा वाटा मोठा. त्या कादंबरीत पात्रं स्वतःच आपली कहाणी सांगतात आणि सुरुवात कर्ण करतो. ‘मी’ म्हणून बोलणाऱ्या माणसासमोर शेकडो पानं बसलं की त्याच्यावर खटला भरणं अवघड जातं. कर्णावर अन्याय झाला नाही असं मला म्हणायचं नाही, झालाच. पण सूतपुत्र म्हणून त्याचा झालेला अपमान आपल्याला तोंडपाठ, आणि त्याने केलेला अपमान “तेवढं एक चुकलंच” या सदरात.

विजय तेंडुलकरांच्या १९७२ च्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये हा खेळ जास्त निर्दय आहे. घाशीराम परका, पुण्यात चोरीचा खोटा आळ येतो, बेदम मार बसतो. तोवर आपण पूर्ण त्याचे. मग सूड घ्यायला तो पोटच्या पोरीला नाना फडणवीसांच्या हवाली करतो आणि कोतवाली मिळवतो. इथे आपण चरकतो, पण लगेच सोडून जात नाही. शेवटी जमाव त्याला ठेचतो आणि नाना नामानिराळे राहतात, तेव्हा इतक्या क्रूर माणसाबद्दल काहीतरी वाटतंच. खरा कोतवाल १७९१ मध्ये तसाच मारला गेला. नानांचा वाडा मात्र सातारा जिल्ह्यात, वाईजवळ मेणवलीला, कृष्णेच्या काठी अजून उभा आहे आणि लोक तिथे फोटो काढायला जातात. चेअरमन-मोहनराव ही जोडी जुनीच आहे.

वाळवा तालुक्याला याचा आणखी एक नमुना माहीत आहे. बोरगावचे बापू बिरू वाटेगावकर वर्षानुवर्षं फरारी होते, खुनाच्या गुन्ह्यात त्यांना जन्मठेप झाली, आणि त्यांच्यावर तमाशाचे वगही झाले, चित्रपटही निघाला. कायद्याच्या कागदावर एक माणूस आणि पारावरच्या गोष्टीत दुसरा. तिथेही मेलेला माणूस गुंड होता, गावाला नडत होता, ही बाब गोष्टीत आधी येते आणि खून मग. क्रम उलटा करून सांगा, श्रोते निम्मे होतील. (अण्णाभाऊंचा फकिरा या रांगेत बसवू नये. इंग्रजांच्या दफ्तरात तो दरोडेखोर असेल, पण भुकेलेल्यांसाठी धान्य लुटणारा हा खलनायकच नव्हे.)

मग यात मजा कसली?

आपल्याकडे याचं उत्तर हजार वर्षांपूर्वीच शोधायला घेतलं होतं. भट्टनायक आणि त्याच्यानंतर अभिनवगुप्त या संस्कृत काव्यशास्त्रकारांनी साधारणीकरणाची कल्पना मांडली. रंगमंचावरचा राग, भय, शोक हा ना माझा असतो, ना शेजाऱ्याचा, ना खऱ्या त्या माणसाचा. मालकी सुटलेली असते म्हणून त्याची चव घेता येते. खरा मोहनराव माझ्या शाखेत असता तर मी रसिक म्हणून बसलो नसतो, पावती घेऊन ओरडत उभा असतो.

२०२० मध्ये रिबेका क्राउझ आणि डेरेक रकर या अमेरिकी संशोधकांनी याला वेगळ्या बाजूने हात घातला. पात्रांशी आपला स्वभाव किती जुळतो हे दाखवणाऱ्या एका वेबसाइटच्या दोन लाखांहून जास्त वापरकर्त्यांची माहिती त्यांनी तपासली. लोकांना आपल्यासारखे खलनायक जास्त ओढून घेत होते. एरवी एखाद्या वाईट माणसाशी आपलं साम्य निघालं तर आपण झटकन लांब होतो, कारण आपली स्वतःबद्दलची समजूत धोक्यात येते. गोष्टीत तो धोका नसतो. हिशोबात पक्का, घरच्यांसाठी वाट्टेल ते करणारा, साहेबांसमोर गप्प बसणारा मोहनराव बघताना “अरे, हा तर मीच” एवढं कबूल करायला कोणाची परवानगी लागत नाही.

शिवाय कौशल्य. मोहनराव जुनी कागदपत्रं दोन दिवस उन्हात ठेवून पिवळी करतो, सहीची शाई बदलतो, तारखांना रविवार येणार नाही हे कॅलेंडर काढून तपासतो. काम नीट करणारा माणूस बघायला आपल्याला आवडतं, मग काम कुठलं का असेना. बावळट चोराबद्दल कीव येते, पण त्याच्यासाठी जागरण कोणी करत नाही.

सहानुभूती तुटते कधी? वाईटपणाची मात्रा वाढली म्हणून ती सहसा तुटत नाही, हे बघण्यासारखं आहे. कोट्यवधींचा घोटाळा प्रेक्षक पचवतात. पण मोहनरावने शिपायाला विनाकारण कानफटात मारली की सोफ्यावर चुळबुळ सुरू होते. गरज नसताना केलेला क्रूरपणा, विश्वास टाकलेल्याला दिलेला दगा आणि दुबळ्याची केलेली चेष्टा या गोष्टींना पुराचं कारण लावता येत नाही. दुसरा रस्ता म्हणजे जोशीबाईंना दृश्य देणं. सातव्या भागात त्या काउंटरवर न थांबता सरळ केबिनमध्ये शिरतात, समोर बसतात आणि म्हणतात, “मोहन, तू माझ्या वर्गात होतास ना रे? चौथीला.” लेखकाला मोहनराव खाली उतरवायचा असेल तर एवढं वाक्य पुरे. म्हणूनच अशा सिरीजमध्ये बुडालेल्या माणसांना फारसे संवाद नसतात. वेळ कमी पडला म्हणून ते गाळलेले नसतात.

हा सगळा दिलदारपणा मराठी प्रेक्षक आणि लेखक कोणावर उधळतात, याचंही कुतूहल आहे. घाशीरामाला पूर्वायुष्य मिळतं, कर्णाला बालपण मिळतं. संध्याकाळी सातच्या मालिकेतल्या कारस्थानी जाऊबाईंना काय मिळतं? ठसठशीत कुंकू, एक भुवई वर आणि मागे धडाम् वाजणारं संगीत. अललडुर्रच, फक्त नऊवारीत. त्या अशा का झाल्या, लग्न होऊन आल्या तेव्हा त्या घराने त्यांना कसं वागवलं, सगळे झोपल्यावर त्या काय करतात, हे शेकडो भागांत कोणी दाखवत नाही. मालिका रोज चालते आणि द्वेष रोज ताजा लागतो, हे त्याचं धंद्याचं कारण झालं. पण वेब सिरीजला तर तेही कारण नाही. तिथे भ्रष्ट पुरुषाला दहा भाग आणि एक दुःखी भूतकाळ सहज मिळतो. तसाच भूतकाळ, तसाच पूर आणि तसाच सावकार देऊन एकदा पतसंस्थेची मॅनेजर बाई करून बघावी. शिपाई चहा घेऊन येईल तेव्हा किती जण हुश्श म्हणतील, याची मला खात्री देता येणार नाही.